एसीवरची मलमल

सोमवार, ३

बाबांना आज पुन्हा हॉस्पिटलमध्ये ठेवलं. या वर्षातली तिसरी खेप. तोच ताप, तोच खोकला, आणि श्वास घेताना छातीतून पाणी गेलेल्या नळासारखा आवाज. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन आठवडे तरी राहू द्यात. आणि घरी न्यायच्या आधी त्यांच्या खोलीतली ओल घालवा. ओल्या खोलीत मी त्यांना पाठवणार नाही."

आमच्या हवेत ओल घालवायची म्हणजे गंमतच. टॉवेल तीन दिवस वाळत नाही, मिठाचा दगड होतो, कपाटातल्या चपलांना हिरवी लव फुटते. ओल शोषणारी एकच वस्तू घरात आहे, बाबांच्या खोलीतला एसी. आणि तोच दोन महिने गळतोय. शिवाय वास मारतो. ओला कुत्रा आणि फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी एकत्र केलं तर जो वास येईल, तो.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत आत्याने मला घरीच शिकवलं. तिचा नियम असा, की आधी घडलं ते लिहायचं आणि मग वाटलं ते. घडलं ते: चार वाजता एसी दुरुस्तीवाल्याला फोन केला. आमच्या इमारतीचे सगळे एसी तोच बघतो. उद्या येतो म्हणाला. वाटलं ते: येणार नाही.

मंगळवार, ४

आला. सकाळी साडेदहाला.

त्याआधी आत्याने आणि मी खोली आवरली. परका माणूस येणार म्हटल्यावर चादर बदलली, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, फरशी दोनदा पुसली. एसीच्या जाळीवरची मलमल काढून धुवायला टाकली.

या मलमलीविषयी लिहून ठेवते, कारण युक्ती आत्याची असली तरी शिवण माझी आहे. एसीच्या आत जी प्लॅस्टिकची जाळी येते ती फारच विरळ असते. तिच्यातून धूळ काय, डाससुद्धा जाईल. बाबांची छाती नाजूक व्हायला लागली तेव्हा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आत्याने जाळीच्या मापाची दुहेरी मलमलची खोळ बेतली. मी कडेने इलॅस्टिक लावलं. रोज संध्याकाळी ती पाण्यात बुडवायची, पिळायची, दोन थेंब अत्तर टाकायचं आणि जाळीवर चढवून पुढचं झाकण लावायचं. ओल्या कापडाला धूळ चिकटते, आणि हवाही जरा अधिक गार लागते. चार दिवसांत ती काळी पडते, इतकी घाण अडवते! ती नसती तर हे सगळं बाबांच्या छातीत गेलं असतं. आजची खोळ फारच मळली होती. बाहेरच्या माणसाने बघितली असती तर काय म्हणाला असता?

आता माणसाविषयी. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. कपाळाचा घाम अंगठ्याने निपटला, अंगठा पॅन्टला पुसला आणि त्याच हाताने बाबांच्या कॉटचा कठडा धरला. तो गेल्यावर मी कठडा तीनदा पुसला. चपला त्याने दाराबाहेर काढल्या आणि कॉटवर न विचारता वर्तमानपत्रं अंथरली, हे खरं. पण पायांचे ठसे उठले ते उठलेच.

दोन तास झटला. पाण्याचा फवारा मारून आतलं सगळं खाली ताटलीत उतरवलं आणि ताटली माझ्या नाकासमोर धरली. काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा गोळा. तो हलत होता. म्हणजे पाण्यामुळे हलत असेल.

"ताई, एवढी बुरशी मी खानावळीच्या एसीतपण बघितली नाही."

खानावळ! आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, या घरात बुरशी? आम्ही पाण्याचा ग्लाससुद्धा दोनदा विसळतो."

"विसळता ना मावशी. पुसता का?"

काय हा उर्मटपणा! जाताना म्हणाला, "आता गारेगार होईल बघा." आत्याने त्याचं नाव लगेच गारेगार ठेवलं. हात धुवायला बेसिन विचारलं त्याने. मी जिन्याखालचा नळ दाखवला.

गुरुवार, ६

मंगळवारी संध्याकाळी स्वच्छ खोळ चढवली होती. काल दिवसभर एसी चालू ठेवला. खोली बंद राहिली की ओल भिंतीत मुरते, आणि बाबा यायच्या आत ती सुकायला हवी. आज ऑफिसमधून येते तो एसीखालची बादली अर्धी भरलेली. वासही आहेच, फक्त आता त्यात अत्तर.

गारेगारने काय केलं मग दोन तास?

शुक्रवार, ७

त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा आवराआवर, पुन्हा खोळ काढली, जाळी कोरड्या फडक्याने पुसली. या वेळी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आणि बॅटरी घेऊन आला. तोंडाने बॅटरी धरून आत डोकावत होता. लाळेचा एक थेंब बॅटरीवरून ओघळून त्याच्या कॉलरवर पडताना मी पाहिला. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

"मशीन तर नीट चाललंय, ताई. गॅस बरोबर, पाइप मोकळा. बर्फ धरल्याच्या खुणा आहेत, पण का धरतोय ते कळत नाही. हवा कमी मिळाली की असं होतं. याच्यावर काही झाकता का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

घडलं ते लिहायचं तर हे लिहायला हवं. त्याने विचारलं तेव्हा एसीवर काहीही झाकलेलं नव्हतं. शिवाय खोळ जाळीवर असते, एसीवर नाही. आणि ती झाकायला नसून गाळायला असते. म्हणजे मी खोटं बोलले नाही. तरीही चहा अर्धा टाकून उठले. आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "अगं, घरातल्या सगळ्या गोष्टी का त्याला दाखवायच्या? उद्या म्हणेल, तुमच्या पेट्या उघडा."

सोमवार, १०

ऑफिस. विम्याच्या अर्जांतल्या चुका शोधणं हे माझं काम. आज एका बाईने नवऱ्याच्या आजाराची माहिती लपवलेली मी तारखांवरून पकडली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी आले. बादली भरली होती.

बुधवार, १२

तिसरी खेप. गारेगार म्हणाला, "आज मी इथेच बसतो. गळताना माझ्या डोळ्यांनी बघतो." स्टूल घेऊन एसीसमोर बसला. एक तास, दोन तास. एक थेंब पडला नाही. खोली अशी छान कोरडी गार झाली, की तो बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं, घोरणं सुरू, मांडीवर दोन्ही हात उताणे. त्या हातांच्या रेषांत काळं साचलेलं. आत्या दारातून बघत नाकाला पदर लावून उभी होती.

जागा झाल्यावर लाजला. म्हणाला, "सकाळी पाचला निघालोय. पण ताई, थेंब नाही पडला, बघितलंत ना?"

तो गेला. संध्याकाळी खोळ चढवली. सकाळपर्यंत ठीक असेल असं वाटलं होतं. जेवणं होईपर्यंत टपटप सुरू.

म्हणजे हा घरात असला की गळत नाही, पाठ फिरली की गळतं. याचा अर्थ काय लावायचा? आत्या म्हणाली, "अर्थ सरळ आहे. त्याने आत काहीतरी करून ठेवलंय. आपण बोलावत राहावं म्हणून." मला पहिल्यांदा हे पटलं नाही. मग पटलं.

गुरुवार, १३

इमारतीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं. दीड पान. तारखा, वेळा, बादलीतलं पाणी किती, सगळं. "सदर व्यक्ती अस्वच्छ असून कामाच्या वेळी झोपते, आणि बिघाड मुद्दाम राखते असा आमचा रास्त संशय आहे." आत्याने वाचून फक्त एक स्वल्पविराम काढला. सेक्रेटरींनी ते खालच्या फळ्यावर लावलं आणि चौकशी होईपर्यंत त्याला कुणी बोलावू नये असं तळाशी लिहिलं.

पत्र चांगलं झालं आहे.

शनिवार, १५

बाबा उठून बसले होते. चौथ्या दिवसापासून ताप नाही, खोकला नावाला. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याशी पैज लावून पत्ते खेळत होते आणि पट्टीचं फसवत होते.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. त्या काळजीत दिसल्या. "हे तिसऱ्यांदा होतंय. इथे आले की आठवड्यात बरे होतात, घरी गेले की महिन्यात परत. औषध लागू पडतंय म्हणावं, तर मग परत का? मला आता आत बघायलाच हवं." नळी घालून फुफ्फुसाचा तुकडा काढणार आहेत. गुरुवारी. या वयात धोका आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "आहे. लपवत नाही. पण कारण कळल्याशिवाय मी काय करू?"

बाबा मला म्हणाले, "तुकडाच घेतायत ना? माझ्याकडे भरपूर आहे." मी हसले. मग हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिले. जिन्याला फिनेलचा वास होता; तोच बरा वाटला.

सोमवार, १७

नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

संध्याकाळी सहा वाजता बेल वाजली. दारात गारेगार. हातात फळ्यावरून काढलेलं माझं पत्र. इतके दिवस मी त्याला चिडलेला पाहिला नव्हता.

"ताई, तेवीस वर्षं या इमारतीत येतोय. लोक मला किल्ल्या देऊन गावाला जातात. मी बिघाड राखतो?"

"तुम्ही सेक्रेटरींशी बोला."

"मी मशीनशी बोलतो. आता चालू आहे ना? दाखवा."

"पाच मिनिटं थांबा. जरा आवरते."

"नाही. आहे तसं बघायचंय मला."

आत्या पुढे झाली. "अहो, आजारी माणसाची खोली आहे."

"आजारी माणूस हॉस्पिटलात आहे, मावशी. मला माहीत आहे. सरका."

तो आमच्यामधून आत गेला. चपला मात्र बाहेर काढूनच. एसीखाली बादली, टपटप चालू. त्याने स्टूल ओढलं आणि झाकण वर केलं.

मग दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याने खोळ सोलली. हो, सोलली, ती जाळीला चिकटली होती आणि सुटताना ओल्या पट्टीचा येतो तसा आवाज आला. बाहेरून ती राखाडी होती. ते मला माहीत होतं. आतून मी कधी उजेडात बघितली नव्हती. काढली की न बघताच थेट पाण्यात. आतून तिला केस होते. काळे, बारीक, उभे. मधेमधे पिवळे डाग, आणि कडेच्या इलॅस्टिकला, मी घातलेल्या बारीक टाक्यांच्या रांगेला, जेलीसारखं काहीतरी लोंबत होतं. त्यातून गुलाबाच्या अत्तराचा वास येत होता.

"हे काय आहे?"

"गाळणी," आत्या म्हणाली. तिचा आवाज अजून ताठ होता. "हवा गाळते."

"हवा गाळते? मावशी, यातून हवा जातच नाही. कोंडलेली हवा, बर्फ, पाणी, आणि वर ही ओली गादी. बुरशीला पाळणा बांधून दिलाय तुम्ही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "मी तीनदा आलो तेव्हा ही कुठे होती?"

"काढून ठेवली होती."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

त्याने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "साहेब किती दिवस झोपतात याखाली?"

दोन वर्षं. त्यांची उशी बरोबर याच्याखाली आहे. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी ती हाताने पिळून, वास घेऊन, इलॅस्टिक ताणून बसवली आहे.

बेसिनपर्यंत पोचले नाही. फरशीवरच ओकले. गारेगारने बादली पुढे सरकवली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मंगळवार, १८

सकाळी ऑफिसला कळवलं, येत नाही.

खोळ काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. आत्याने विचारलं, "ती कुठे नेतेस?"

"डॉक्टरबाईंना दाखवायला."

"वेडी झालीस? टाकून दे ती. एसी आता साफ होईल, विषय संपला. काय सांगणार आहेस त्यांना? की बहिणीने बेतलं आणि मुलीने शिवलं?"

"परवा त्यांच्या छातीतला तुकडा काढणार आहेत, आत्या. कारण सापडत नाही म्हणून."

"सापडेल त्यांचं त्यांना. मोठे डॉक्टर आहेत."

"कसं सापडेल? गारेगारला सापडलं का?"

तिचे हात मी पाहिले, धुऊन धुऊन सुरकुतलेले, पांढरे. अक्षर गिरवताना माझ्या मुठीवर हेच हात असायचे. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. हे लिहावं की नाही, दहा मिनिटं विचार केला. आली, म्हणून लिहिलं. माझ्याही हातांची आली.

दारापर्यंत गेले, तेव्हा ती मागून म्हणाली, "माझं नाव सांग. मापं माझी होती."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाई बाबांच्या कॉटजवळच होत्या. बाहेर चला म्हणायचं ठरवलं होतं, पण बरणी बघून बाबांनीच विचारलं, "लोणचं आणलंस काय?" मग तिथेच सगळं सांगितलं. संध्याकाळचं भिजवणं, अत्तर, दोन वर्षं. मेकॅनिक आला की काढून ठेवणं. "काही झाकता का" याला दिलेलं उत्तरसुद्धा.

डॉक्टरबाईंनी बरणी खिडकीकडे धरली. मी झाकणाला हात लावला तर जवळजवळ ओरडल्याच, "उघडू नका! इथे नाही." मग खुर्ची ओढून बसल्या आणि लिहायला लागल्या. मधेच वर न बघता, "हे पहिल्या वेळी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं, घरात बुरशी, पक्षी, काही आहे का."

"आमच्याकडे घाण नसते, असं मला वाटत होतं."

त्यांनी तेही लिहिलं की काय, कळलं नाही. गुरुवारचं पुढे ढकललं आहे. आधी रक्त तपासणार, बरणी प्रयोगशाळेत जाणार. "हेच असेल तर तुकड्याची गरज पडू नये. असेल तर, म्हटलंय मी," असं दोनदा बजावलं.

त्या गेल्यावर बाबांनी चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "वास मला यायचा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी रोज इतक्या निगुतीने करत होतात. कसं सांगायचं?"

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. वॉर्डमधले सगळे बघत होते. आम्हां तिघांची नाकं शाबूत असून दोन वर्षं आम्ही त्या वासावर अत्तर शिंपडत बसलो, असं काहीतरी बोलले. पत्तेवाला म्हातारा म्हणाला, "मुली, पाणी पी." प्यायले. ग्लास कुणाचा होता ते बघितलं नाही.

बुधवार, १९

फळ्यावर दुसरं पत्र लावलं. पहिल्या जागीच, त्याच अक्षरात. मलमल, भिजवणं, काढून ठेवणं, सगळं. खाली माझी सही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते जिन्यात मोठ्याने वाचलं आणि "शी!" म्हणाल्या. मी खालीच होते. वर जाताना त्यांच्या बाजूनेच गेले.

गारेगारला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "वाचलं. सेक्रेटरींनी फोटो पाठवला. एवढं लांबलचक कशाला लिहायचं? मशीन ठीक आहे, मेकॅनिक ठीक आहे. झालं." मग, "मुद्दाम राखतो म्हणालात, ते लागलं. झोपतो म्हणालात ते चालेल, झोपलो होतो."

शनिवार, २२

बाबा घरी आले. रक्ताचा अहवाल बुरशीकडेच बोट दाखवतो, म्हणून तुकडा रद्द. पण खरी परीक्षा आता घरात, असं म्हणाल्या. मागच्या दोन्ही वेळा खोकला दुसऱ्या आठवड्यात परतला होता. गोळ्या महिनाभर, आणि जरा काही वाटलं तर लगेच न्यायचं.

एसी गारेगारने पूर्ण उतरवून, गच्चीत धुऊन, उन्हात वाळवून परत बसवला आहे. भिंत खरवडून रंगवली. आत्या बाबांच्या खोलीत फारशी येत नाही. दारातून विचारते, "काही हवंय का?" आणि जाते.

रविवार, ३०

गारेगार तपासणीला येणार होता. अकराची वेळ. पावणेअकराला आत्या फडकं घेऊन खोलीत शिरली. सवयीने मीही चादरीच्या टोकाला हात घातला. मग सोडला.

"राहू दे, आत्या."

"अगं, पण बघ तरी काय अवतार आहे!"

अवतार होता. चुरगळलेली चादर, उशीवर तेलाचा डाग, खुर्चीवर बाबांचा कालचा बनियन, आणि कॉटशेजारी थुंकायचा मग, सकाळपासून न रिकामा केलेला. आत्याचा हात मगाकडे गेला. मी तिचं मनगट धरलं. तिने सोडवायचा प्रयत्न केला, मग केला नाही. आम्ही तशाच उभ्या होतो तेव्हा तो आला.

त्याने आधी बेसिनवर हात धुतले. झाकण उघडलं, जाळी काढून उजेडात धरली, बोट आत फिरवून मला दाखवलं. कोरडं. "रोज किती खोकतात?" त्याने विचारलं.

बाबा म्हणाले, "मोजायला पोरीला सांगितलंय. काल चारदा."

"पाचदा," आत्या दारातून म्हणाली.

स्टुलावरून उतरताना त्याचा पाय मगाला लागता लागता वाचला. तो वाकला. मला वाटलं, बाजूला सरकवेल. त्याने मग उचलला, खिडकीकडे नेला आणि आत बघितलं, ताटलीत बघत होता तसंच, निवांत. आत्याने डोळे मिटून घेतले.

"कफ पांढरा आहे," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचा शेवटपर्यंत हिरवा होता. बघा, ताई."

मला बघायचं नव्हतं. त्याने मग पुढे धरला होता. मी जवळ गेले आणि वाकून बघितलं. पांढराच होता.